अक्षराला तीन रुपये

नगर पंचायतीनं भिंत दिली, कागद दिला,
अक्षराला तीन रुपये.
काना-मात्रेचे वेगळे नाहीत, साहेब म्हणाले,
जोडाक्षर एकच धरायचं.
'प्रतिबंधित' काढताना मनगट किती वळतं
ते साहेबांना काय ठाऊक.

मथळा लाल : सार्वजनिक गटारात काय सोडू नये.
बाकी निळा.

पहिल्या दिवशी दुसऱ्या कलमापर्यंत गेलो.
पंचेचाळीस अंशांहून गरम पाणी.
रहांगडालेंच्या उसन्याच्या मिलचा मुनीम
सायकल टेकवून उभा राहिला.
धान उकडलं की त्यांचं पाणी वाफाळत येतं नालीतून,
पौषात कुत्री तिच्या काठाला झोपतात,
आणि त्या वासाला आमच्या गावात
कोणी वास म्हणत नाही, सीझन म्हणतात.
"मोजन कोन गा, डोमा?"
मी तर फक्त लिवून राहिलो, म्हटलं.

तिसऱ्या कलमात पीएच आला.
साडेपाचच्या खाली नको, नवाच्या वर नको.
हा कोण, म्हणून बाबूला विचारलं.
बाबू म्हणाला, आहे तसा काढ.
खरवडे सराफांना मात्र लगेच कळलं.
त्यांच्या दुकानामागं नालीचं सिमेंट
दर दिवाळीनंतर भाजणीसारखं भुरभुरतं.
संध्याकाळी त्यांच्याकडून चहा आला
आणि निरोप : अक्षर जरा बारीक काढ.

पारबता दिघोरे बोडीवरून आली,
डोक्यावर शिंगाड्याचं टोपलं.
"का लिवलं, वाच बरं."
वाचलं. केस, पिसं, चिंध्या, हाडं, चुना, मळी,
मी वाचत गेलो शाळेतल्यासारखा,
ती ऐकत होती, दंडाला खाजवत.
गावाची नाली जिथं सुटते
तिथून तिचा वेल काळा पडत येतो, दरसाल हातभर.
"हे पानाईले वाचून दाखव," म्हणाली,
आणि मूठभर शिंगाडे ठेवले माझ्या डब्यांशेजारी.
"खाय. वरच्या अंगचे हायेत."

चौथ्या दिवशी अकरावं कलम झालं, शेवटचं.
पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन व तत्सम ज्वालाग्राही द्रव.
टर्पेंटाइन : पाच अक्षरं, पंधरा रुपये.
रफार असा बसला की मीच दोन पावलं मागं जाऊन पाहिला.

राजन समुंद्रे आला तेव्हा रंग ओला होता.
खांद्यावर बांबूच्या कामट्या,
टोकाला कालची कोणाची तरी साडी गुंतलेली.
त्यानं सगळं वाचलं, हात न लावता.
माहीत आहे, म्हणाला, हे मी खालून वाचतो.
कोणत्या दवाखान्यानं सुया टाकल्या,
कोणाकडं तेरवी झाली,
कोणत्या घरात भात रोज उरतो.
मग विचारलं, "बारावं कुठाय?"
कागद दाखवला त्याला. अकराच होती.
"कोनतं बारावं?"
तो हसला नाही, रागावलाही नाही.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
घोट्याची कातडी उकडलेल्या आलूसारखी सुटलेली,
आणि बाजार चौकातलं झाकण उचलायला गेला.

खाली कोपऱ्यात मी 'डोमा आर्ट' लिहिलं.
ब्रश डब्यात बुडवला, हलवला.
निळं टर्पेंटाइन. पायाशी नाली.
तीस वर्षं हात आपोआप तिकडंच वळतो,
डबा तिरपा होतो, निळं पिसासारखं वाहत जातं,
मागं वळून कधी पाहिलं नाही.
पाहणारं कोणी नव्हतं आताही.
चौकात झाकण उघडं होतं,
कडेला चपलांचा एक जोड.

डबा हँडलला अडकवून घरी आणला.
मोरीजवळ ठेवला, तिथून बायकोनं हाकलला.
अंगणात ठेवला, तर कोंबड्या.
आता छपराच्या वाशाला टांगला आहे,
शेजारी आणखी दोन.
"याचं करायचं काय?" ती रोज विचारते.
कागद पुन्हा काढून वाचला मी,
मागची बाजूसुद्धा. कोरी.

बिल मंजूर झालं.
साहेबांनी स्वतः भिंतीपाशी उभं राहून मोजलं,
आणि 'डोमा आर्ट'ची चार अक्षरं
वजा केली.