पट एकोणतीस

माझ्या टेबलावर अपिलं येतात.
नगर प्राथमिक शिक्षण समिती, वडोदरा, दुसरा मजला.
जिन्यापाशी कूलर, त्याला साखळीने बांधलेला पेला.
लोक आधी पाणी पितात, मग मला नमस्कार करतात.

अपील म्हणजे काय, तर
आधी नाही म्हणालेल्या माणसांनाच
पुन्हा विचारायचं, जरा वाकून.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कुंदा फणसे आल्या.
फरसाणाच्या दुकानात खोकी वळतात,
बोटांना वास डिंकाचा, चिवड्याचा नाही.
मुलगी हेतल. नाव गुजराती, आडनाव कोकणातलं,
शाळा हवी मराठी, नवापुऱ्यातली, घरापासून सत्तर पावलं.
एक जूनला सहा वर्षं पुरी हवीत.
हेतल दहा जूनची.

नऊ दिवस.
दाखल्यावर पाहिलं तर फक्त एक शून्य,
गुजराती आकड्यातलं, तिळाएवढं,
नखाने खरवडलं तरी निघालं असतं.
कुंदाबेनही तिथेच बघत होत्या.
त्या शून्यावर आम्ही दोघंही बोललो नाही.

माझे पणजोबा गायकवाडीत हजेरी-कारकून.
पोर शाळेत न धाडणाऱ्याला दंड लावत हिंडायचे.
लोक पोरं कणगीत लपवायचे म्हणे,
आणि पणजोबा कणगीला कान लावून उभे,
आतून शिंक येईपर्यंत.
आता आई मूल घेऊन दारात उभी आहे
आणि कणगीचं झाकण मी धरून बसलोय.

खिडकीजवळच्या टेबलावर दुसरी फाईल:
नवापुऱ्याची तीच शाळा. पट एकोणतीस.
तीस भरले नाहीत तर दिवाळीनंतर विलीन,
दोन मोठे चौक ओलांडून, पलीकडच्या शाळेत.
दोन्ही फायलींवर सही एकाच साहेबांची,
पण आवक नंबर वेगळे, म्हणून
त्या एकमेकींना ओळखत नाहीत.
जेवायच्या सुट्टीत मी एकीवर दुसरी ठेवली.
सुट्टीनंतर मनसुखभाईने नीट वेगळ्या केल्या.
त्याला पसारा खपत नाही.

सुनावणी चार मिनिटं.
पुढच्या वर्षी या, बेन, साहेब म्हणाले.
आवाजात राग नव्हता;
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून दोन्ही हात गुंतलेले.
पुढच्या वर्षी शाळा कुठे असेल, साहेब?
हे कुंदाबेन मराठीत म्हणाल्या.
इतिवृत्तात अर्जदाराला रकाना आहे, कलमाला आहे, निर्णयाला आहे,
प्रश्नाला नाही.
मी समासात लिहिला.
टायपिस्टने समास टाईप केला नाही.

सप्टेंबरात तपासणीला गेलो.
दमयंतीबेन हजेरी घेत होत्या.
एकोणतीस नावं, त्यात सहा गैरहजर:
दोघं गावी, एकाला गालगुंड,
बाकीच्यांचं कोणी काही सांगेना.
नावं संपली. बेन थांबल्या, वही मिटली नाही.
आणि मागच्या चटईवरून, कोणी न पुकारता,
खणखणीत आलं: हाजर!
वर्ग हसला नाही. रोजचंच असावं.

नियम असा, की पटाबाहेरचं मूल वर्गात आढळल्यास
मुख्याध्यापकांचा खुलासा मागवावा.
दमयंतीबेन माझ्या पेनाकडे बघत राहिल्या.
हेतलने पाटी पुढे केली, उलटी.
दहाची ओळ होती,
एकेक शून्य वाटाण्याएवढं.

शेरा लिहिला:
पट २९. चटया ३०. पैकी रिकाम्या ६.
तपासले.
खाली सही, सहीखाली तारीख. दहा.
शून्य सावकाश, गोल काढलं.