एकच देवक

रीमच्या छातीवर मी जेल लावते, थंडगार,
ती शहारते. अल ऐनमध्ये बाहेर सेहेचाळीस अंश.
पडद्यावर तिचं हृदय
राखाडी मासोळीसारखं उघडतं, मिटतं,
आणि मिटताना जरासं चुकतं.

वरून काही दिसत नाही.
चार वर्षांची सलुकी, कानांवर रेशमाची झुलपं,
कंबर दोन्ही हातांच्या बोटांत मावेल अशी.
अबूधाबीच्या प्रदर्शनात परीक्षकाने पाठीवरून हात फिरवला
तेव्हा म्हणे सगळा हॉल गप्प झाला.
त्या बोटांना हाडं कळतात, केस कळतात, चाल कळते.
झडप कळत नाही.

मतर फोन पुढे करतो. दोह्याचा नर,
तीन देशांत अजिंक्य. पैसे ठरलेत.
"सिस्टर, फक्त सर्टिफिकेट."
मी वंशावळीचा कागद उलगडते.
हिचा आजोबा, त्याचाही आजोबा.
पणजी दोन्हीकडून तीच.
वर जावं तसं झाड पसरायला हवं,
हे निमुळतं होत होत
एका खुंटीला येऊन टेकतं.

मला हसू आलं. यायला नको होतं.
विट्याला मावशीने माझं एक स्थळ परत लावलं होतं,
मुलगा चांगला, वीज मंडळात,
पण दोन्ही घरांचं देवक कळंब.
झाडाचं एक डहाळं आडवं आलं
आणि मी आठ दिवस जेवले नाही.
इथे भावाला बहीण, बापाला लेक,
वर छापील कागद: रक्त शुद्ध.
शुद्ध हा शब्द आमच्या घरी तुपापुरता होता.

पण मी तरी कुठली सोवळी.
दोन वर्षांपूर्वी डॉक्टर इद्रीस खार्टुमला गेलेले,
तेव्हा एका फ्रेंच बुलडॉगच्या कागदावर
शिक्का मीच मारला. मालक घाईत होता, मीही.
पोट फाडून पाच पिल्लं काढली,
असली डोकी आईच्या वाटेने येत नाहीत.
चार विकली गेली. पाचवा माझ्या खोलीत,
एसीखाली, गिरणीसारखा घोरतो.
तोंड इतकं चपटं
की कुणाला नाक मुरडायचं म्हटलं तरी नाक नाही.
लोक म्हणतात, किती गोड.
मी रात्री दोनदा उठते, त्याची मान उशीवर उंच करते,
आणि श्वास येईपर्यंत
मोजते.

म्हातारा खमीस इतका वेळ दाराशी बसलेला.
तस्बीह थांबवून म्हणाला, "दिल कैसा?"
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
म्हटलं, जगेल, धावेलही बहुतेक. पिल्लं नकोत.

वाटलं होतं चिडेल. किंवा वाळवंटाचं काही थोर बोलेल,
आजोबांच्या काळी सशामागे जी मागे राहायची
तिची वीण पुढे जायची नाही, वगैरे.
तो मासोळीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, हिची आई धावताना नाही गेली.
ताटलीत तोंड घातलेलं, तशीच कलंडली.
मी म्हटलं साप असेल.
सगळं खुराडं खणून काढलं मी सापासाठी.

मतरने विचारलं, पुढच्या वर्षी परत बघू या का.
मी रकान्यात 'अयोग्य' लिहिलं
आणि शाई वाळायची वाट पाहिली,
बॉलपेनची शाई, वाळायला काय लागतं.
दोह्याला काय कळवायचं ते कुणी बोललं नाही.
दुसरा नर मिळेल, दुसरा दवाखानाही,
हे तिघांनाही माहीत होतं.

खमीसने गुत्र्याच्या टोकाने तिच्या छातीवरचं जेल पुसलं,
हळूहळू, केसांच्या दिशेने.
ती टेबलावरून उतरली, फरशीवर घसरली,
सावरली,
आणि सवयीने उभी राहिली
रिंगणात राहते तशी,
मान वर, चारही पाय चोख,
आता कुणीतरी हात फिरवेल म्हणून.