वाटणी

वार्दोच्या बंदरात डिसेंबरभर सूर्य उगवत नाही,
म्हणून गुनवोरला उशिरा कळलं की सकाळचे नऊ वाजलेत
आणि वादळाचा इशारा देणारी प्रोसेस
पहाटे तीन चाळीसलाच मेलीय.

मारली कर्नलने.
लॉगमध्ये एकच ओळ, पंचनाम्यासारखी कोरडी:
मेमरी संपली, सर्वांत मोठी पाहिली, संपवली.
गुन्हा तिचा नव्हताच.
शेजारी जुन्या फोटोंचं संग्रहालय
रात्रभर फुगत होतं, हजार तोंडांनी,
एकेक तोंड इतकं लहान
की कुणाच्या डोळ्यावर येऊ नये.

त्या रात्री दोनच बोटी बाहेर होत्या.
दोन्ही परतल्या. एकीची पुढची काच फुटलेली.
यावर धक्क्यावर कुणी काही बोललं नाही,
तेच तिला लागलं.

मग ती गट पाडत बसली.
फोटोंना एक घर, मासळीच्या पावत्यांना एक, इशाऱ्याला एक.
आता एकेकाला नाही, घराला मोजायचं.
खाणारी तोंडं हजार असोत, ताट एकच.
आधी एक रेघ, जिथे पाय जड होतील, धाप लागेल.
मग दुसरी. तिच्यापलीकडे कुणीतरी जाईलच,
पण त्याच घरातलं.
आणि इशाऱ्यासाठी तळाशी थोडं राखलेलं:
शेजारी उपाशी मेला तरी
याला हात लावायचा नाही.

आकडा लिहिताना मात्र बोट थांबलं.
किती?
असाच एक आकडा एइलिफला, तिच्या बापाला,
लखोट्यातून आला होता, बोटीच्या नावावर:
वर्षाला इतके टन कॉड.
समुद्र सगळ्यांचा होता तेव्हा रिकामा होत चालला होता,
हे तोही मानतो.
आकडा लिहिणाऱ्याने त्याची बोट पाहिली नव्हती,
हेही मानतो, जरा मोठ्याने.
दोन हिवाळ्यांनी त्याने ती विकली.
रबरी बूट अजून दारात आहेत.

तिने फोटोंचा महिन्याचा आलेख उघडला.
रविवारी म्हातारेकोतारे पेट्या उपसतात,
लग्नं, होड्या, कुत्री, सगळं चढवत राहतात.
दोन गिगाबाइट खोडले, तीन केले.
बरोबर की चूक, रविवारी कळेल.

निघताना लक्षात आलं,
आपला शेल कुठल्याच घरात नाही,
मोकाट, बिनहद्दीचा.
स्वतःचा क्रमांक शोधला
आणि सर्वांत लहान घरात लिहून टाकला.

बाहेर अंधारच होता.
बापाचा फोन आला: वारा किती आहे गं?
बोट विकून अकरा वर्षं झाली, तरी विचारतो.
तिने स्क्रीनकडे पाहिलं,
पुन्हा एकदा पाहिलं,
मग सांगितलं.