कंटिन्युइटी

आमची फिल्मची शाळा लष्करात, दौलतगंजात,
बँडवाल्यांच्या गोदामावर.
सोमवारी प्रकाश शिकायचा होता, तर वीज नव्हती.
राजावत सरांनी खिडकी उघडली,
थर्माकोलचा एक तुकडा हातात दिला,
म्हणाले, घ्या, हा तुमचा दुसरा सूर्य.
तासभर आम्ही एकमेकांच्या नाकाखालची सावली
उजळत बसलो.
फैजानच्या गालावर कांजण्यांचा एक खड्डा आहे.
दीड वर्ष शेजारी बसतो, मला आज दिसला.

आवाजाचा तास मंगळवारी असतो
आणि बहुतेक बुडतो.
खाली ट्रम्पेटवाले तीच वरातीची धून घासत असतात,
नफीसा मॅडम हेडफोन गळ्यात अडकवून
त्यांचा दम संपायची वाट बघतात.
संपला, तेव्हा घाईघाईने म्हणाल्या,
प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
तीस सेकंद भरून आणा,
नाहीतर कापलं तिथे भोक पडतं.

कॅमेरा एक, आम्ही अकरा.
माझी पाळी बुधवारी, रात्री आठ ते सकाळी आठ.
पाठ सोपा: माणूस दारातून येतो,
दिवा लावतो, बसतो. संवाद नाही.
माणूस घरचाच घेतला.
बाबा एकतीस वर्षं वीज मंडळातून
याच दाराने आत आले,
हातात पिशवी, पिशवीत बहुधा भोपळा.
पण कॅमेरा लावल्यावर विचारलं,
कोणता पाय आधी?
मी म्हटलं, नेहमीचा.
बराच वेळ ते उंबऱ्याबाहेर उभे,
नेहमीचा पाय शोधत.

पहिल्या टेकला चपला काढायच्या राहिल्या.
दुसऱ्याला दिवा लावून म्हणाले, "लागला."
तिसऱ्याला जिन्यात शितोळेकाका भेटले,
बिलाची काही तक्रार निघाली,
आणि मी आत, फोकस धरून,
रिकाम्या दारावर अकरा मिनिटं.
चौथ्याआधी आईने भोपळा अर्धा कापून नेला:
"तुमचं होत राहील. जेवायला काही लागेल की नाही?"

आणि दर वेळी, बसल्यावर,
बाबा एकदा भिंगात बघत.
कॅमेऱ्यात बघू नका ना!
तर म्हणाले, कॅमेऱ्यात कुठे?
मागे तू आहेस, तुला बघतो.

गुरुवारी इतिहासाच्या तासाला मी झोपले.
पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीचं कुणीतरी
जीव खाऊन पळत होतं. पळू दे.

शुक्रवारी कुशवाह सरांनी जोडणी पाहिली.
दारात भोपळा अख्खा, टेबलावर अर्धा.
कंटिन्युइटीला दहापैकी शून्य.
मी एकटीच हसले.
शून्याला आम्ही काय म्हणतो
हे त्या वर्गात कुणाला सांगणार?
मग त्या नजरेवर बोट ठेवून म्हणाले, काट दो.
आठ फ्रेम्स. सेकंदाचा तिसरा हिस्सा.
कापल्या.

कापल्या जागी घराची शांतता पसरायला घेतली.
हेडफोनमध्ये फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ,
लांब कुठेतरी हजिऱ्याकडे जाणारा टेम्पो,
आईची बांगडी कढईला टेकलेली, एकदाच.
बाबा समोरच बसले होते तेव्हा,
आणि त्यांचा श्वास कुठेच नाही.
पुन्हा ऐकलं. नाहीच.
तीस सेकंद पुरे झाल्यावर
माझा आवाज येतो, "झालं हो,"
आणि एकतिसाव्या सेकंदाला
फुग्यासारखा सुटतो एक माणूस.

सरांनी मागितलेली तीस सेकंदं दिली.
एकतिसावं आणि त्या आठ फ्रेम्स
वेगळ्या फोल्डरात टाकल्या,
नाव दिलं: उरलेलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा दूध घेऊन आले.
उंबऱ्यापाशी जरा थबकले,
कोपऱ्यात स्टँड नाही हे पाहिलं
आणि आले सरळ आत.
डावा.
वहीत टिपून ठेवलंय.