शेरा

महापेला, प्लायवूडच्या गोदामावर तिसरा मजला.
लिफ्टला ‘दुरुस्ती चालू’ची पाटी,
पाटीलाही गंज.
बावन्न पायऱ्या. गुडघ्यानं मोजल्या.

पलटणीत बावीस वर्षं मी हजेरीच लिहिली.
नफरी किती, हजर किती,
सुट्टीवर किती, इस्पितळात किती.
आकडा खोटं बोलायला लागला
की त्याचं अक्षर सुधारतं.

इथलं अक्षर सुरेख आहे.
चाळीस नावं, चाळीस अंगठे,
रोज सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी.
‘फौजी माणूस, वेळेचा पक्का,’ समन्वयक टिपरे हसतात,
चहा सांगतात, खारी सांगतात.

खोलीत नऊ जण.
मला बघून उठतात,
आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज
एकच येतो.
खारी घशाखाली जाईना.

फळ्यावर परवाचा धडा:
‘ग्राहकाशी बोलताना चेहरा हसरा ठेवावा.’
संगणक बारा, चालू तीन,
त्यातल्या एकाची वायर कुणीतरी घरून आणलेली.
मुश्ताक नदाफनं सतरा वर्षं रडार दुरुस्त केली,
इथं त्याला स्क्रू-ड्रायव्हरचे प्रकार शिकवले,
पाच, आकृतीसह.
आकृत्या नेटक्या काढल्यात त्यानं.
दहापैकी सात मिळाले.
‘तीन कशाचे गेले?’ मी विचारतो.
‘समास सोडला नव्हता, साहेब.’

माझ्या हातात ठाण्याच्या कचेरीचा छापील तक्ता.
पंखे आहेत का. आहेत.
फिरतात का, असा रकाना नाही.
फलक मराठीत आहे का.
आहे, मोठा आहे, दिवे लावलेत त्याला.

मग उत्तम खरमाटे सही करायला पुढं येतो.
सॅपर. सुरुंग काढायचा.
पेन डाव्या हातात धरतो
कारण उजव्याला अंगठाच नाही.
मी पट उलटतो.
खरमाटे यू. बी., उजवा अंगठा,
नऊ वाजून दोन मिनिटं,
सोमवार मंगळवार बुधवार, तीन महिने,
एकही खाडा नाही.

तो माझ्याकडे बघतो, मी पटाकडे.
टिपरे फोनवर बोलत गॅलरीत जातात.

‘लिहू नका साहेब,’ तो हळू म्हणतो.
‘विद्यावेतनाचे पाच हजार येतात, त्यात घणसोलीचं निम्मं भाडं जातं.
तुम्ही लिहाल, हे दुकान बंद होईल.
हे लोक तुर्भ्याला दुसरी पाटी लावतील,
आम्ही पुन्हा रांगेत, पुन्हा झेरॉक्स.
सुरुंग काढण्यापेक्षा
कुठं आहे ते माहीत असलं, तरी माणूस बाजूनं चालतो.’

काय बोलणार.
मीही चाललोय बाजूनं, कैकदा.
एकदा रेशनच्या गोणींच्या बाजूनं,
एकदा एका मेजरसाहेबांच्या गवंडीकामाच्या बाजूनं,
आणि दर वेळी वर जाऊन ‘सब ठीक है’ म्हणालोय, टाच जुळवून.

खाली येऊन बसथांब्यावर बसलो.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंटेनर जात राहिले,
समोर पारसिकचा डोंगर,
खाणीनं अर्धा खाल्लेला,
बसही यायला तयार नव्हती.
शेऱ्याची चौकट दोन बोटं रुंद.
लिहिलं:
‘प्रशिक्षणार्थी क्रमांक सतरा यांना
उजवा अंगठा नाही.’
नफरी लिहावी तसं. विशेषण नाही.

चौकट भरली.
पण राहिलं होतं बरंच,
म्हणून कागद आडवा केला,
पूर्वी आंतर्देशीय पत्राच्या कडेला
घरचं शेवटचं वाक्य कोंबायचो तसं:
‘शिक्षा शिकवणाऱ्याला व्हावी.
या नऊ जणांचे पाच हजार थांबवू नयेत.
नदाफला तीन गुण परत द्यावेत.’

बस आली.
चढताना लक्षात आलं,
हे सगळं डाव्या समासात लिहिलंय,
आणि आमच्या कचेरीत फायलीला लावताना
पंच तिथंच मारतात.