एका खेपेत

राजारामपुरी, सहावी गल्ली, तिसरा मजला.
खाली झेरॉक्सवाल्याचं शटर पडलं
की वर आमची रात्रीची चाचणी सुरू होते.
क्लिक करायला माणूस नसतो.
प्रोग्रॅम एकटाच उघडतो
एका पतसंस्थेचं कर्जमागणीचं पान
आणि पानावरच्या एकेका घटकाला
नावगाव विचारत हिंडतो.

चारशे बारा घटक.
चौकटी, बटणं, दुवे, उलगडणाऱ्या याद्या,
कुणालाच न दिसणारे काही, पण असलेले.
प्रत्येकाला सात प्रश्न:
आयडी काय? नेम काय? क्लास कुठला?
प्रकार कोणता? आत काय लिहिलंय?
दिसतोस का?
दाबला तर दबतोस का?

आणि दर प्रश्नाची वेगळी खेप.
ब्राउझर बसलाय दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर.
जा, विचार, परत ये, टिपून घे,
पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहा.
दोन हजार आठशे चौऱ्याऐंशी.
गुणाकार मी कागदावर केला,
यंत्र चालू होतं
आणि माझ्या हातांना काहीतरी हवं होतं.

त्यात आणखी एक.
नाव विचारून यावं,
क्लास विचारायला परत जावं,
तोवर पानानं कूस बदललेली.
घटक जागेवर नाही,
किंवा त्याच्याच नावाचा
दुसराच कुणी तिथं उभा.
पहाटे दोनला लाल अक्षरांत
अशा सतरा चुका.

भूपाल मगदूम आमचा सीनियर, मूळचा शिरोळचा.
मान वर न करता म्हणाला,
"मोठा सर्व्हर मागूया."

मला आठवली उद्यमनगरातली शेड.
सागवानाचा भुसा, अप्पा पॅटर्नवर वाकलेले,
नवा पोऱ्या इर्शाद टूल रूमकडं पळतोय.
पटाशी आणली.
मग कानस.
मग व्हर्नियर.
चौथ्या फेरीला अप्पांनी रंधा खाली ठेवला.
"आरं खुळ्या, पाटी घिऊन जा की!
तितंच उभं ऱ्हा, समदं पाटीत भर,
आन् एका खेपंत ये."

पाटी.
म्हणजे दारादारात विचारायचंच नाही.
पाटीच पानाच्या आत पाठवायची,
दहा-बारा ओळींची छोटी स्क्रिप्ट,
ती तिथंच, पान कूस बदलायच्या आत,
सगळ्यांचं सगळं भरून घेईल
आणि एकदाच परत येईल.
एकोणीस मिनिटांचं काम
दोन सेकंदांत संपलं.
मला वाटलं, काहीतरी मोडलं.
पुन्हा चालवलं. दोन सेकंद.
लाल अक्षर एकही नाही.

मग निवांत पाटी उपडी केली.
सगळे एका नजरेत आले तेव्हा दिसलं:
'जामीनदार' या शब्दाशेजारच्या बटणाला
नाव नाही, लेबल नाही, काहीच नाही,
नुसतं अधिकचं चिन्ह.
डोळस माणसाचं भागतं त्यावर.
ज्याला पान ऐकूनच वाचायचंय
त्याला फक्त ऐकू येणार: बटण.
कशाचं?
इतके महिने सात-सात प्रश्न विचारत होतो,
ह्याचं रिकामं उत्तर दर रात्री येत होतं
आणि खेपांच्या धुरळ्यात
कुणी पाहिलं नव्हतं.

साडेदहाला अप्पांचा फोन.
"जेवलीस न्हवं?" ठेवला.
दहा मिनिटांनी परत.
"गाडीत पेट्रोल हाय?" ठेवला.
मग, "कोपऱ्यावर कुत्री हाईत, मागच्या गल्लीनं ये."
भूपाल हसला.
"एकदाच काय ते विचारायला सांग की त्यांना."

शेड विकून दीड वर्ष झालं.
रंधा त्यांनी विकला नाही,
कपाटावर आहे, कापडात.

मी बटणाची तक्रार नोंदवली,
नाव सुचवलं: जामीनदार जोडा.
फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती.
चार्जिंगला लावला,
स्क्रीन वर करून.