घसारा

जानेवारीचा शेवटचा आठवडा. वेकफिल्डच्या वेस्टगेटवर
बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस,
जिना अरुंद, तेरा पायऱ्या.
वाइसाले प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टाकतो,
मग डावा शेजारी आणून ठेवतो,
दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.

बिस्किटांच्या डब्यात वर्षभराच्या पावत्या.
मी टेबलावर पसरते.
फिजीच्या एका लांबच्या बेटावर पैसे, सत्तेचाळीस वेळा.
बोटीचं इंजिन. पाण्याची टाकी.
चुलत्याची कवळी.
चर्चचं छप्पर, एकदा वादळाआधी, एकदा वादळानंतर.
"यातलं काय वजा होतं?"
काहीच नाही, मी म्हणते.
कायद्याच्या लेखी अख्खं गाव कुणावर अवलंबून नसतं.
तो हसतो. "गावाला कळवायला हवं."

क्लबचा ताळेबंद कुणालाही बघता येतो.
त्यात वाइसाले 'अमूर्त मालमत्ता' या सदरात आहे.
एकशे बारा किलोंचा रग्बीपटू. अमूर्त.
साठ हजार पौंडांना घेतला, करार तीन वर्षांचा,
म्हणून दर वर्षी वीस हजार घसारा.
हे तिसरं वर्ष.
ऑक्टोबरअखेर किंमत शून्य.
पण गुडघा त्याचा, आणि त्याच्या विवरणपत्रात
मला कूर्चेचा घसारा दाखवता येत नाही.
रकानाच नाही.
व्हॅनला आहे, यंत्राला आहे,
कोपऱ्यातल्या आमच्या कागद खाणाऱ्या प्रिंटरलासुद्धा आहे.

माझे वडील साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते.
गाडी भरलेली तोलायची, मग रिकामी,
मधला फरक म्हणजे ऊस.
बैल दोन्ही वेळा काट्यावर उभे असत,
म्हणून वहीत कुठेच येत नसत.

तेव्हा वाइसाले एजंट म्हणतो, मी मनात मुकादम म्हणते.
तो सायनिंग फी म्हणतो, मी उचल.
शब्द चपखल बसतात. फक्त इथे
आकड्यावर शून्यं जास्त, आणि हंगाम थोडे.

मागे एकदा त्यानेच विचारलं होतं,
तुमची माणसं आमच्याकडे आली होती ना, करार करून,
ऊस तोडायला?
माझी नव्हेत, तोंडापर्यंत आलं होतं.
बिहारकडची, मद्रासकडची.
म्हटलं नाही.
"त्यांना पाच वर्षं मिळायची," तो म्हणाला, "मला तीनच मिळाली."

आज त्याला हिशेब करून हवा आहे.
फ्रान्समधला एक क्लब, निम्म्या पैशात, एकच हंगाम,
की नॉर्मंटनच्या गोदामात रात्रपाळी.
मी दोन्ही बाजू मांडते. दहा वर्षं धरली
तर गोदाम जिंकतं, बऱ्याच फरकाने.
पण व्हिसा क्लबच्या नावावर आहे,
क्लब सुटला की साठ दिवस.
मी गोदामावर रेघ मारते.
रेघ सरळ येते, मला सवय आहे.

"भाच्याला बघून गेला एजंट," तो पावत्या गोळा करत सांगतो.
सोळा वर्षांचा आहे.
उंची नाही विचारली.
पावलाचं माप घेतलं, अजून किती वाढेल ते कळायला.
तुम्ही काय म्हणालात, मी विचारते.
"बहीण खूश आहे," तो म्हणतो.

फी रोख देतो. मग पिशवीतून
ब्रॅडफर्डच्या बाजारातली अळकुडी काढून टेबलावर ठेवतो.
याची पानं आम्ही नारळाच्या दुधात शिजवतो, म्हणतो.
आम्ही चिंच-गूळ घालतो, मी म्हणते,
आणि एवढ्यावर दोघं जरा वेळ थांबतो.

उतरताना डावा पाय आधी.
तेरा आवाज मी इथूनच मोजते.
मग टपालाच्या काट्यावर अळकुडी ठेवते, उगीच.
दोन किलो तीनशे.
माती धरून.